वाघसडा ते सिरसटोला

झिंगरूजी काट्यावर उभे राहायला तयारच नव्हते.

"धान मोजतात तसं माणसाला मोजून राहिले का, बाप्पा?" म्हणाले, आणि काठी टेकत दोन पावलं मागे सरकले.

"आजोबा, विमान लहान आहे," पायलट देवस्थळी हसत म्हणाले. "माणसं आणि इंधन, दोन्हीचं वजन जमवावं लागतं. इथली धावपट्टीही आखूडच."

"त्यांचे खिसे आधी रिकामे करा," पुस्तकला म्हणाली. "वजन सारं तिथंच आहे."

खिशातून तंबाखूची डबी निघाली, अडकित्ता निघाला, समुद्रावर वेचलेले शिंपले निघाले आणि शेवटी कोटाच्या आतून रिसॉर्टचा पांढराशुभ्र टॉवेल निघाला. झिंगरूजी त्या टॉवेलकडे असे बघत राहिले, की जणू तो आपणहून त्यांच्या मागे आला होता. आम्ही इतकं हसलो की देवस्थळींना आकडे दोनदा वाचावे लागले.

मी मात्र हसता हसता एकेकीकडे बघत होते. सत्यशीलाने काट्यावर चढण्याआधी चपला काढल्या, मग जोडवी चाचपली, जशी काही तीही उतरवणार होती. पुस्तकला धाडकन चढली आणि आकडा मोठ्याने वाचून मोकळी झाली. माणूस काट्यावर कसा चढतो त्यावरून तो मतदानाच्या दिवशी कसा वागेल ते कळतं, असं मला तेव्हा वाटत असे. बचत गटाचे हिशोब सांभाळून सांभाळून मला माणसं वाचायची सवय लागली होती आणि त्या सवयीचा थोडा गर्वही होता.

आम्ही आठ जण जिल्हा परिषदेचे सदस्य होतो. आमचा जिल्हा राज्याच्या पार पूर्वेला, जंगलाच्या कडेला. आणि उभे होतो ते पश्चिमेच्या टोकाला, कोकणातल्या वाघसडा नावाच्या काळ्या कातळावर. तिथे कोणे एके काळी विमानं उतरतील म्हणून धावपट्टी बांधली होती, पण तिच्यावर आता गुरंच जास्त उतरत. आम्हाला तिथे आणलं होतं ते सहलीला. आमच्याकडे अध्यक्षाची निवडणूक लागली की सदस्यांना सहलीला नेतात, हे सांगायला नको. सहलीत समुद्र असतो, मासे असतात, गाण्यांच्या भेंड्या असतात आणि सगळ्यांचे फोन एका पिशवीत असतात. उद्देश एकच, की दुसऱ्या गटाच्या माणसाची सावलीही आपल्या माणसावर पडू नये.

आमच्या गटाचे सत्तावीस, नत्थूभाऊच्या गटाचे सव्वीस. अध्यक्षपद महिलेला राखीव, आणि आमच्याकडून उमेदवार मी, निर्गुणा हेमराज डोंगरवार.

सहलीची सारी आखणी आमच्या ह्यांची. पक्के एकोणीस त्यांनी आदल्या दिवशी रेल्वेने पुढे धाडले. कच्चे सहा मागे ठेवले आणि त्यांच्यासाठी विमान घेतलं.

"म्हणजे जो इमानदार तो रेल्वेत घामाघूम, आणि ज्याच्यावर शंका तो विमानात," पुस्तकला म्हणाली. "भाऊ, पुढच्या वेळेला मला अजून कच्ची धरा. मी लंडनला जाते."

"तू कच्ची नाहीस गं," हे म्हणाले. "तू ताईच्या सोबतीला."

"आणि ताई?"

"ताई तुमच्या राखणीला."

सगळे हसले. मग ह्यांनी सगळ्यांचे फोन परत केले आणि आपल्या फोनवर एक पान उघडून दाखवलं. कुठलीही दोन विमानतळं घाला, ते पान त्यांच्यातलं अंतर आणि वेळ सांगत होतं. वाघसडा ते सिरसटोला, नऊशे किलोमीटर, दोन तास. या दोन ठिकाणांमध्ये आजवर एक चिमणीही थेट उडाली नसेल, पण पानावर आकडा तयार होता. सिरसटोला म्हणजे आमच्याकडची, इंग्रजांनी युद्धाच्या वेळी साल-सागाच्या रानात बांधलेली पट्टी. तिथून परिषदेचं सभागृह पाऊण तासावर.

"नऊला उडायचं, अकराला खाली," हे म्हणाले. "एकला सभा. मधे अर्धा तास जेवायला पण उरते."

"जेवायला काय आहे?" झिंगरूजींनी विचारलं.

"आधी हात वर करा, मग जेवा."

आमच्या परिषदेत तेव्हा निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि बायकांइतकेच त्यांचे नवरे. सभा बायकांची, पण बाहेरच्या व्हरांड्यात नवरे. आतली बाई प्रत्येक ठरावाला खिडकीकडे बघायची आणि खिडकीतला नवरा मान हलवायचा. सत्यशीलाचा नवरा तर तिची सही तिच्यापेक्षा सुबक करायचा. मी या सगळ्या नवऱ्यांच्या नकला करून दाखवायचे, आणि सगळ्यात मोठ्याने आमचे हेच हसायचे. ते कधी व्हरांड्यात आले नाहीत. "सही तुझी, खुर्ची तुझी," असं म्हणायचे. "मी फक्त गाडी चालवतो." मी हे बाकीच्या बायकांना जरा जास्तच वेळा सांगितलं होतं.

अध्यक्ष झाल्यावर मी काय करणार होते तेही सगळ्यांना ठाऊक होतं. वैनगंगेपलीकडच्या अकरा गावांना पावसाळ्यात दवाखाना नसायचा. पुस्तकलाची धाकटी जाऊ नदी ओलांडताना डोंग्यातच बाळंत झाली आणि डोंग्यातच गेली. त्या काठाला दवाखाना बांधायचा, पहिली सही त्याची, असं मी पुस्तकलाला तिच्या अंगणात बसून कबूल केलं होतं. म्हणूनच ती आमच्या गटात आली होती, नाहीतर तिचं माहेर नत्थूभाऊच्या गावचं.

विमान सुटलं तेव्हा कातळ खालून असा खडखडला की दात वाजले. मग एकदम खडखडाट थांबला आणि समुद्र तिरपा झाला. मी ह्यांचा हात धरला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, चारचौघांत हात धरण्याची ही पहिलीच वेळ.

"छातीत धडधड होऊन राहिलं, अवो," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

त्यांनी हात दाबला. "होणारच. अध्यक्ष होणार आज तू."

मला ते फार आवडलं. मी डोळे मिटून बसले आणि मनातल्या मनात पहिल्या भाषणाची जुळवाजुळव करू लागले. मधे कधीतरी हे उठले आणि पुढे जाऊन देवस्थळींशी वाकून काही बोलले. परत येऊन बसले. अशा लहान विमानात पायलट आणि प्रवाशांमध्ये पडदा नसतो, दार नसतं, पण इंजिनाचा आवाजच असा असतो की शेजारचा माणूसही मुका वाटतो.

तासाभराने कानाला दडे बसल्यासारखं झालं. खाली एकदम शेतं मोठी दिसायला लागली, मग रस्ता, मग रस्त्यावरचा ट्रक.

"आलं बी?" झिंगरूजी म्हणाले. "लय जोरात चालवलं राव."

मी बाहेर बघितलं. रान कुठेच नव्हतं. काळी माती, हळदीची शेतं. "हे आपलं नाही," मी म्हणाले. "अहो, हे कुठं उतरून राहिले?"

"नांदेड," हे म्हणाले. "थोडं थांबावं लागेल."

"काहून?"

तोवर चाकं टेकली. विमान बाजूला जाऊन थांबलं, दार उघडलं आणि पायऱ्यांवरून एक तरुण डॉक्टर मुलगी बॅग घेऊन आत आली. मागे स्ट्रेचर धरून दोघं उभे होते.

"पेशंट कोण?" तिने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. झिंगरूजींनी आपला हात पटकन खाली घेतला, तो वर नव्हताच तरी. मग माझ्या लक्षात आलं की देवस्थळी माझ्याकडे बघताहेत, आणि त्यांच्या मागोमाग सगळेच.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"कॅप्टननी कळवलंय, महिला प्रवासी, छातीत त्रास," डॉक्टर म्हणाली. "तुम्हीच ना मावशी?"

"अगं, मघाशी म्हणालीस ना," हे हळूच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू, "छातीत धडधड होतंय म्हणून?"

सत्यशीलाने तोंडाला पदर लावला. "अगाई! ताई, आम्हाला नाही सांगितलं तू!"

डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला. मी पट्ट्याकडे नाही, घड्याळाकडे बघत होते. जिचं अध्यक्षपद मिनिटामिनिटाला दूर चाललंय तिचा रक्तदाब किती असायचा? तो होता तितका निघाला.

"वाढलाय बराच," ती म्हणाली. "असं वर नेता येणार नाही. खाली चला, पट्टी काढू हृदयाची."

"मी लिहून देते. माझी जबाबदारी. डॉक्टर, माझी एकला सभा आहे."

"मावशी, सभा रोज होतात. नातेवाईक कोण आहेत? त्यांनी सही केली तर बघू."

मी ह्यांच्याकडे बघितलं. एक सही. चोवीस वर्षांत मी त्यांच्याकडे कधी सही मागितली नव्हती, तेच माझी मागायचे.

"मी नाही करणार," हे म्हणाले. "खुर्ची गेली चुलीत. मला माझी बायको पाहिजे."

विमानात कुणीतरी हुंदका दिला. बहुधा झिंगरूजींनी.

मी उठून उभी राहिले. "ठीक आहे. मला इथं उतरवा. तुम्ही सातही जण जा. उमेदवार हजर नसला तरी चालतं, अर्ज तर भरलेला आहे. सात हात गेले तर सव्वीस-सव्वीस होतात, मग चिठ्ठी. चिठ्ठीत अर्धी आशा तर आहे. देवस्थळी, तुम्ही या सगळ्यांना घेऊन जा."

"माझी हरकत नाही," देवस्थळी म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. "पण विमान साहेबांनी घेतलंय. साहेब म्हणतील तसं."

"काय म्हणतील?" हे सगळ्यांकडे फिरून म्हणाले. "जिच्यासाठी हात वर करायचे ती इथं स्ट्रेचरवर, आणि तुम्ही तिकडे मतं मोजणार? माझ्या बायकोच्या जिवावर चिठ्ठ्या टाकणार? आपल्यात माणुसकी आहे का नाही?"

"भाऊ, ताई स्वतः म्हणून राहिली ना," पुस्तकला म्हणाली. "सात हात तर जातील."

"तुझी बहीण असती तर गेली असतीस?"

पुस्तकला आपल्या जागेवर जाऊन बसली. सत्यशीला माझा हात धरून म्हणाली, "ताई, असा नवरा मिळायला भाग्य लागते. माझ्यावाला असता ना, तर मला इथं टाकून पहिला पोचला असता."

मला खाली नेलं. विमानतळाच्या एका खोलीत पलंग होता, पंखा होता, भिंतीवर कसलं तरी कॅलेंडर. छातीला तारा लावल्या. मी सरळ पडून पंख्याची पाती मोजत होते. डॉक्टर मुलगी कामाला पक्की आणि बोलायला गोड होती, तिचं काही चुकलं नाही. ती तिच्यापुढे आलेला माणूस तपासत होती. तिच्यापुढे आणला कुणी, हे तपासणं तिचं काम नव्हतं.

हे बाहेर फोनवर होते. बाकीचे व्हरांड्यात. पुस्तकला एकटीच आत आली आणि पलंगाशी उभी राहिली. बसली नाही.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"किती दिलं नत्थूभाऊनं?"

मी उठून बसायला गेले, तारा ताणल्या. "पुस्तकला, काय बोलून राहिलीस तू? मला काही झालेलं नाही गं!"

"तेच तर मी म्हणून राहिली," ती म्हणाली. "तुला काही झालेलं नाही."

ती माझ्याकडे बघत होती ती अशी, जशी मी वाघसड्यावर काट्यावर चढणाऱ्यांकडे बघत होते. काय सांगणार? मी आजारी नाही हे खरं, मग विमान का उतरलं? मी उतरवलं नाही तर कुणी उतरवलं? आणि ते नाव तोंडाने घ्यायचं तर अजून माझ्या मनानेही ते घेतलं नव्हतं.

"माझं माहेर त्याच गावचं आहे," ती म्हणाली. "त्यांनी मला पण विचारलं होतं. मी नाही म्हटलं. डोंग्यातल्या पोरीसाठी नाही म्हटलं, ताई. तुझ्यासाठी नाही."

ती गेली.

एक वाजून गेला. हे आत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गेलं, निर्गुणा. नत्थूभाऊची सून झाली अध्यक्ष. सव्वीस-एकोणीस." मग थोडं थांबून, "जाऊ दे. तब्येत महत्त्वाची."

तेवढ्यात व्हरांड्यात पुस्तकलाचा फोन वाजला. रेल्वेने गेलेल्यांपैकी कुणीतरी सभागृहातून बोलत होतं, आणि पुस्तकला नेहमीसारखी ओरडून विचारत होती, "काय म्हणतो? अजून मोजून राहिले का? कुणाचे हात मोजून राहिले?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कॅलेंडरकडे बघत होते.

डॉक्टरने गोळी दिली, आता जायला हरकत नाही म्हणाली, मीठ कमी करा म्हणाली. ऊन तापलं होतं. विमानाच्या पायऱ्यांशी देवस्थळी उभे होते. त्यांनी मला हात दिला. बाकीचे मागून हळूहळू येत होते आणि हे सगळ्यात मागे, फोन कानाला लावून.

"आता बरं वाटतंय ना, मॅडम?"

"देवस्थळी, मला एक सांगा. मी आजारी पडले हे तुम्हाला कधी कळलं?"

"उडाल्यावर साहेब पुढे येऊन म्हणाले तेव्हा." मग मला धीर द्यावा म्हणून ते आणखी म्हणाले, "पण खरं सांगू का, इतका विचार करणारे मिस्टर मी पाहिले नाहीत. काल संध्याकाळीच त्यांचा फोन आला होता. वाटेत कुणाला बरं वाटेनासं झालं तर उतरायला कुठे सोयीचं, तिथपर्यंत अंतर किती, वेळ किती, एकदा उतरलं की पुन्हा निघायला साधारण किती लागतो. मी म्हटलं, नांदेड अगदी मध्यावर पडतं. लोक तिकिटाची चौकशी करतात, जेवणाची करतात. ही चौकशी कुणी करत नाही."

मी पायरी चढले. दुसरी चढले. आत जाऊन त्याच जागेवर बसले.

काल संध्याकाळी मी समुद्रात घोट्यापर्यंत उभी होते आणि सत्यशीलाच्या नवऱ्याची नक्कल करत होते. हे वाळूवर फेऱ्या मारत फोनवर बोलत होते आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होते.

इंजिन सुरू झालं. हे शेजारी येऊन बसले आणि माझा पट्टा आवळून बघितला. विमान वर गेलं, काळी शेतं लहान झाली. आता इंजिनाच्या आवाजात आम्ही दोघंच होतो.

"काय कबूल केलं नत्थूभाऊनं?" मी विचारलं.

ते पटकन माझ्याकडे वळले. नाकारतील असं वाटलं. चेहऱ्यावर तशी तयारी दिसलीही. पण चोवीस वर्षांचा संसार होता. मला काय कळलंय आणि काय नाही ते त्यांनाही वाचता येत होतं.

"विधानसभेचं तिकीट," ते म्हणाले. "वरपर्यंत बोलणं झालंय."

"कुणाला?"

"मला. म्हणजे आपल्याला."

"आणि मला सांगितलं असतं तर?"

"तू ऐकलं असतंस?"

मी त्यांनी आवळलेला पट्टा सैल केला.

"निर्गुणा, तू अध्यक्ष झाली असतीस तर मी काय करायचं होतं?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात राग होता. "लाल दिव्याच्या गाडीत तू मागे आणि मी पुढे, ड्रायव्हरजवळ? लोकांनी मला काय म्हणावं, डोंगरवारबाईंचे मिस्टर? त्या बाकीच्या नवऱ्यांना निदान खिडकी तरी आहे. तू मला खिडकी पण ठेवली नाहीस. सगळ्यांसमोर नकला करतेस. हसत होतो मी. किती दिवस हसायचं?"

खाली रान लागलं होतं. पैनगंगा मागे गेली असावी. मी खिडकीला कपाळ लावलं. काच थंड होती.

"त्या अकरा गावांचं काय?"

"होईल ना. आमदार झाल्यावर दवाखाना काय, दहा दवाखाने."

सिरसटोल्याला उतरलो तेव्हा पट्टीच्या कडेला माणसं जमली होती. हार घेऊन आलेले हार खाली धरून उभे होते. बाजा वाजवायला आलेले झाडाखाली बसले होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. दोन पत्रकार पुढे धावले आणि त्यातल्या एकाने माझ्यापुढे माईक धरला.

"ताई, आता तब्येत कशी आहे?"

मी मागे बघितलं. सातही जण पायऱ्या उतरून उभे होते. पुस्तकला हाताची घडी घालून, तोंड दुसरीकडे करून. तिला मी इथे, आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगू शकणार नाही, हे मला दिसत होतं.

"माझी तब्येत चांगली आहे," मी म्हणाले. "सकाळीही चांगलीच होती. मला काही झालं नव्हतं. विमान ह्यांनी उतरवलं. कालच ठरवलं होतं ह्यांनी, नांदेडला उतरवायचं म्हणून."

दूर झाडाखाली कुणाच्या तरी हातातली झांज निसटून वाजली, तेवढंच.

"विश्वास नसेल तर पायलटांना विचारा." मी देवस्थळींना पुढे बोलावलं. "सांगा, साहेबांनी काल संध्याकाळी तुम्हाला काय विचारलं होतं?"

देवस्थळी बिचारे गांगरले. आमच्या घरात काय शिजलं याचा त्यांना गंध नव्हता. "हो," ते म्हणाले. "साहेबांचा फोन आला होता काल. म्हणाले, वाटेत तब्येत बिघडली तर कुठे उतरता येईल, किती अंतर, किती वेळ. मी नांदेड सांगितलं."

मी पुस्तकलाकडे बघितलं.

तिने घडी सोडली होती. तिचे डोळे मोठे झाले होते. "म्हणजे कालपासूनच?" ती म्हणाली. "कालपासून दुखत होतं?"

"कालपासून," हे म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला होता आणि ते खाली बघत होते. "कुणाला सांगू नका म्हणाली. माझ्यामुळे सगळ्यांची मेहनत वाया जाईल म्हणाली. मी तिला थांब म्हणत होतो. आता डॉक्टरांनी गोळी दिलीय, काय बोलतेय तिचं तिलाच..." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"बाई गं," झिंगरूजी म्हणाले. "आणि मी पापी, टॉवेल घेऊन बसलो."

गर्दीतून एक हळहळ उठली. बायका पुढे झाल्या. कुणी म्हणालं सावलीत न्या, कुणी म्हणालं वारा घाला. माईक खाली गेला. पत्रकाराने वहीत काही लिहिलं आणि मला हात जोडले.

"असं नाही," मी म्हणाले. "ऐका माझं. अहो, असं नाही आहे हे."

"बोलू नको, ताई." पुस्तकला माझ्याजवळ आली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. ती रडत होती. "मी काय काय बोलली तुला तिथं. तुझ्या छातीला तारा लागल्या होत्या आणि मी तुला विचारलं, किती दिलं म्हणून. माफ कर मला. पाणी पी."

तिने बाटली माझ्या तोंडाशी धरली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मी आजारी ठरले तरच मी तिची ताई होते. धडधाकट ठरले तर विकली गेलेली. तिसरी जागा तिथे कुणी ठेवलीच नव्हती.

मी पाणी प्यायले.

गाडीचं दार ह्यांनी उघडलं. मला मागे बसवलं, डोक्याला लागू नये म्हणून वर हात धरला, आणि स्वतः पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.

याला बारा वर्षं झाली. नत्थूभाऊने ह्यांना तिकीट दिलं नाही, सुनेच्या भावाला दिलं. तो हिशोब त्यांचा त्यांनी बघावा. काठावरच्या गावांना दवाखाना अजून नाही. माझी उरलेली दोन वर्षं मी प्रत्येक सभेला गेले. मी बोलायला उठले की अध्यक्षाच्या खुर्चीतून नत्थूभाऊची सूनच म्हणायची, "ताई, बसूनच बोला, दगदग नको." पुढच्या वेळी मला उभं करायचं का, अशी चर्चा निघाली तेव्हा सगळ्यात आधी पुस्तकलाच नाही म्हणाली. माझ्या काळजीने.

घरात तेव्हापासून माझी भाजी वेगळी शिजते, मिठाशिवाय. आधी लेक शिजवायची, आता सून शिजवते. हे रोज तिला आठवण करतात, "आईच्या वाटीत मीठ नको हं." सून भली आहे. ती माझी वाटी आधी वाढते. मग मी उठते, फळीवरची बरणी काढते आणि सगळ्यांच्या देखत वरून मीठ घेते.

"आई, अहो!" सून म्हणते.

"खाऊ दे," हे म्हणतात. मान खाली घालूनच म्हणतात, आणि भाताचा घास उचलतात.